गोल्फच्या चेंडूत नेमके असते काय? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोल्फच्या चेंडूंच्या खोक्यांवर युरेथेन, ग्राफीन, टायटॅनियम अशी भारदस्त नावे झळकत असतात. ती वाचून कुणाला वाटते की नवा पदार्थ आला म्हणजे खेळ सुधारलाच; कुणाला वाटते की हा सगळा जाहिरातीचा खेळ आहे. दोन्ही समज अपुरे आहेत. चेंडूतल्या प्रत्येक पदार्थाला ठरलेले काम असते. ते समजले की निवड सोपी होते.

गैरसमज १ : चेंडूच्या आत रबराचे धागे गुंडाळलेले असतात.

वस्तुस्थिती : विसाव्या शतकात बहुतेक काळ हे खरे होते. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोबर्न हॅस्केल याने १८९८ च्या सुमारास ताणलेला रबरी धागा गुंडाळून चेंडू बनवला आणि त्याआधीचा, झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा भरीव चेंडू मागे पडला. धाग्याच्या चेंडूवर पुढे बलाटा या मऊ नैसर्गिक पदार्थाचे आवरण आले. फटका चुकला की ते चिरत असे. आज गाभा पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराचा असतो. हेच रबर मोटारीच्या टायरमध्येही वापरतात. त्यात झिंक डायअ‍ॅक्रिलेट आणि पेरॉक्साइड मिसळून ते साच्यात तापवले की रबराच्या लांब साखळ्या एकमेकींशी बांधल्या जातात. त्यामुळे फटक्याने चपटा झालेला चेंडू सुमारे अर्ध्या मिलिसेकंदात उसळून क्लबपासून सुटतो.

गैरसमज २ : महाग चेंडू लांब जातो.

वस्तुस्थिती : किमतीतला मोठा फरक आवरणाचा असतो आणि तो जाणवतो ग्रीनच्या जवळ. ड्रायव्हरचा जोरदार फटका बसतो तेव्हा अख्खा चेंडू दबतो; तिथे काम गाभ्याचे. वेजने छोटा फटका मारताना मात्र मऊ आवरण क्लबच्या खाचा आणि आतला कडक थर यांच्यामध्ये चेपले जाते, पकड मिळते आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते. म्हणूनच तो ग्रीनवर पडून लवकर थांबतो. हे काम युरेथेनचे आवरण करते. स्वस्त चेंडूंवर बहुधा सर्लिनसारख्या आयनोमरचे आवरण असते. ते टणक, टिकाऊ आणि कमी फिरकी देणारे असते. ड्यूपाँ कंपनीने १९६० च्या दशकात बाजारात आणलेला हा पदार्थ टाकाऊ मुळीच नाही. ऑक्टोबर २००० मध्ये लास वेगासच्या स्पर्धेत उतरलेल्या टायटलिस्टच्या प्रो व्ही१ चेंडूत वरचे आवरण युरेथेनचे होते आणि त्याखालचा थर आयनोमरचा. या चेंडूनंतर धाग्याचा चेंडू व्यावसायिक स्पर्धांतून पाहता पाहता नाहीसा झाला.

गैरसमज ३ : ग्राफीनसारखा पदार्थ घातला की अंतराला मर्यादाच उरत नाही.

वस्तुस्थिती : मर्यादा नियमांनी घातली आहे. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. क्लबवरून सुटतानाचा वेग आणि प्रमाणित चाचणीत कापलेले अंतर यांवरही बंधन आहे. ही चाचणी आणखी कडक करण्याचा निर्णय अमेरिकेची यूएसजीए आणि ब्रिटनची आर अँड ए या नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. म्हणजे नव्या पदार्थाला या चौकटीतच काम करावे लागते. कॅलवे कंपनीने २०१८ मध्ये गाभ्याच्या बाहेरच्या थरात ग्राफीन मिसळले, ते त्या पातळ थराला बळकटी यावी आणि आतला मऊ गाभा मोठा ठेवता यावा म्हणून. ग्राफीन तिथे आधार देते. चेंडूला उसळी देण्याचे काम रबरच करते.

गैरसमज ४ : पृष्ठभागावरचे खळगे शोभेचे असतात.

वस्तुस्थिती : खळगे नसतील तर उत्तमातला उत्तम गाभाही वाया जाईल. गुळगुळीत चेंडू खळग्यांच्या चेंडूच्या जेमतेम निम्मे अंतर जातो. गटापर्चाच्या काळातच खेळाडूंच्या लक्षात आले होते की ओरखडे पडलेला चेंडू नव्यापेक्षा सरळ आणि लांब जातो. इंग्रज अभियंता विल्यम टेलर याने १९०५ मध्ये खळग्यांच्या रचनेचे पेटंट नोंदवले. खळग्यांमुळे चेंडूलगतची हवा घुसळली जाते, मागच्या बाजूला अधिक दूरपर्यंत चिकटून राहते आणि मागे ओढणारा विरोध घटतो. उलट्या फिरकीमुळे वर उचलणारे बलही मिळते.

गैरसमज ५ : हरवलेला चेंडू मातीत किंवा पाण्यात विरून जातो.

वस्तुस्थिती : चेंडू पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी जातो आणि तिथेच राहतो. कॅलिफोर्नियातील पेबल बीचजवळच्या समुद्रतळातून ५० हजारांहून अधिक चेंडू पाणबुड्यांनी बाहेर काढले. एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने झालेल्या या कामावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटा आणि वाळू यांच्या घर्षणाने आवरण झिजते. त्यातून प्लास्टिकचे कण आणि गाभ्यातील जस्ताची संयुगे पाण्यात मिसळू शकतात. जे गुण चेंडूला टिकाऊ बनवतात, तेच निसर्गाला भारी पडतात.

तेव्हा चेंडू घेताना खोक्यावरच्या मोठ्या नावांपेक्षा आवरण कशाचे आहे ते आधी वाचा. शिकत असाल आणि चेंडू वारंवार हरवत असतील, तर आयनोमरच्या आवरणाचा साधा दोन थरांचा चेंडू पुरेसा आहे. वेजने चेंडू हवा तिथे थांबवण्याइतका हात बसला की युरेथेनसाठी जास्तीचे पैसे मोजा. आणि पाण्याशेजारी खेळताना, शक्य असेल तेव्हा, आपला चेंडू शोधून परत आणा.