पाणी निळं करणारं लाकूड

दोस्तांनो, एक गंमत करून बघायची का? आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात बिवळ्याच्या लाकडाचा पेला किंवा तुकडे मिळतात. एक छोटा तुकडा काचेच्या ग्लासात पाण्यात टाका आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळपर्यंत पाणी पिवळट तपकिरी होईल. आता ग्लास उन्हात न्या, मागे काळा कागद धरा आणि बाजूनं नीट बघा. पाण्यावर चक्क निळी झाक चमकते! मात्र हे पाणी फक्त बघायचं, प्यायचं नाही.

हा निळा रंग आला कुठून? बिवळ्याच्या लाकडातले काही पदार्थ पाण्यात उतरतात. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, पण हे पदार्थ ते किरण शोषून घेतात आणि त्या बदल्यात निळा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात.

हे जादूचं झाड दूरदेशीचं असेल असं वाटलं ना? छे! बिवळा आपल्या ठाणे-रायगडच्या जंगलांतच वाढतो.

शहराच्या पाठीशी जंगल

नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 साली सिडकोची स्थापना झाली. शहराच्या एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचे डोंगर. रस्त्याकडेला जो गुलमोहर दिसतो तो मूळचा मादागास्करचा, आणि छत्रीसारखा पसरलेला पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला. दोघंही भराभर वाढतात आणि सावली देतात. पण इथल्या डोंगरउतारांवरची खरी जुनी मंडळी वेगळी आहेत: साग, ऐन, किंजळ, खैर, बिवळा, शिसव. या सगळ्यांचं लाकूड कठीण, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो.

लाकूड कठीण कसं होतं?

झाडाच्या सालीखाली जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड तयार करतो. साग पावसाळ्यात जोमानं वाढतो आणि उन्हाळ्यात पानं गाळून जवळजवळ थांबतो. म्हणून त्याच्या कापलेल्या बुंध्यावर वलयं दिसतात. ती मोजली, की झाडाच्या वयाचा अंदाज येतो.

खोडाच्या बाहेरच्या फिक्या लाकडातून पाणी वर चढतं. आतलं जुनं लाकूड हळूहळू ते काम सोडतं. मग झाड त्या लाकडात तेलं, राळ आणि रंगद्रव्यं भरत जातं. हाच तो गडद, टिकाऊ गाभा! सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचा पदार्थ असतो आणि वाळवीला तो मुळीच सोसत नाही.

सागाचं लाकूड किती टिकतं? मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागाच्या लाकडाची 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली आणि 1817 मध्ये ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या संग्रहालयात आहे आणि दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर तरंगते आहे!

आणि खानदेश-विदर्भातल्या अंजनाचं लाकूड? ते इतकं जड, की पाण्यात टाकलं तर सरळ तळाला जातं.

चला, ओळख पटवू या

पुढच्या वेळी मोठ्या माणसांबरोबर खारघरच्या डोंगराकडे किंवा पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात गेलात, तर डोळे आणि बोटं दोन्ही तयार ठेवा.

ऐन: मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची काळपट साल. खाली पडलेलं पान उलटं करा आणि देठाजवळ बघा. मधल्या शिरेवर एक-दोन छोट्या गाठी दिसतील. त्या आहेत ग्रंथी. फळाला पाच पंख असतात.

किंजळ: ऐनाचा भाऊबंद. याच्या फळांना तीन पंख, त्यातला एक मोठा. पावसाळा सरला, की तांबूस फळांनी अख्खं झाड लालसर दिसतं.

साग: भलंमोठं, खरखरीत पान. कोवळं पान हातावर चोळलं, की तळवा लाल होतो.

बिवळा: सालीला जखम झाली, की रक्तासारखा लाल डिंक येतो. मुद्दाम चाकू मारायचा नाही हं! झाडाखाली चपटं, गोल फळ शोधा. बी मधोमध आणि भोवती पातळ पंखाची गोल झालर.

खैर: बारीक पानांचा पिसारा आणि देठाशी आकडीसारख्या काट्यांची जोडी. याचाच गाभा उकळून विड्याचा कात बनवतात.

शिसव: गोलसर पर्णिका, आत जांभळट काळा गाभा. याच्या फर्निचरसाठी इतकी झाडं तुटली, की 2017 पासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

आता रोप करू या

सुरुवात खैरापासून करा, कारण तो सहज रुजतो. बी रोपवाटिकेतून मागून घ्या. अभयारण्यातून मात्र काहीही उचलायचं नाही, कायद्यानं त्याला मनाई आहे.

दुधाची रिकामी पिशवी धुऊन तळाला भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग गांडूळखत मिसळून ती भरा. बी रात्रभर पाण्यात भिजवून जेमतेम झाकलं जाईल इतकंच खोल पेरा. रोप वर्षभर सांभाळा आणि पुढच्या पावसाळ्यात, जमीन चांगली भिजल्यावर लावा.

सागाला जरा जास्त धीर लागतो. त्याच्या फळाचं कवच फार टणक. म्हणून रोपवाटिकेत ही फळं रात्री भिजवतात, दिवसा उन्हात वाळवतात आणि असं बरेच दिवस करतात. तरीही काही बिया उशिराच उगवतात.

एक गुपित सांगू? जंगलात सागाच्या रोपाचा शेंडा उन्हाळ्यात पुष्कळदा वाळून जातो, पण जमिनीखाली मूळ जाड होत असतं. पावसात त्यातूनच नवा कोंब फुटतो. म्हणून वाळलेलं रोप लगेच उपटू नका! खोडाची साल नखानं किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं, की रोप जिवंत आहे. हिरवं नसलं तरी एक पाऊस थांबा.

जागाही विचार करून निवडा. खाडीकाठची खारी जमीन ही तिवरांची जागा, तिथे साग-ऐन जगणार नाहीत. त्यांना मुरमाड, पाणी न साचणारी जमीन हवी. पहिले दोन उन्हाळे रोपाला पाणी द्या आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा. डोंगरावर लावलेल्या रोपांचा मोठा शत्रू म्हणजे वणवा. तो पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधीच रोपांभोवतीचं वाळलं गवत काढून मोकळा पट्टा ठेवावा लागतो. हे काम मोठ्यांचं, पण आठवण करून देणं तुमचं!

यंदा शाळेत किंवा सोसायटीत वृक्षारोपण ठरलं, की हात वर करून विचारा, "कुठली झाडं आणणार आहात? त्यात ऐन आहे का? बिवळा आहे का?" बिवळा म्हणजे काय, असं कुणी विचारलं, तर निळ्या पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर धरा.