वैमानिक कुठे आहेत?

डिसेंबर 2022, नाताळचे दिवस. अमेरिकेतील निरनिराळ्या विमानतळांवर साउथवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक गणवेशात तयार बसले होते. उड्डाणासाठी विमाने होती, प्रवासी तर खोळंबलेलेच होते. आपण अमुक गावी आहोत व कामास सिद्ध आहोत, एवढेच त्यांना कंपनीला कळवावयाचे होते. तो निरोप पोचविण्यासाठी कित्येकांना तासन्‌तास दूरध्वनी कानाला लावून बसावे लागले. आपला कोणता वैमानिक कोणत्या गावी आहे, हेच कंपनीला ठाऊक नव्हते.

निमित्त झाले हिमवादळाचे. त्याचा तडाखा सर्वच विमान कंपन्यांना बसला. परंतु इतर कंपन्या दोन-चार दिवसांत सावरल्या आणि साउथवेस्ट कोसळली. सुमारे 16,900 उड्डाणे रद्द झाली, वीस लाखांहून अधिक प्रवासी अडकले. विमाने व वैमानिक यांची सांगड घालणारी संगणक-प्रणाली जुनी होती. एकाच वेळी हजारो बदल होताच ती निरुपयोगी ठरली आणि कार्यालयातील माणसे हाताने याद्या जुळवू लागली. एक यादी पुरी होईपर्यंत वस्तुस्थिती पालटलेली असे.

ही प्रणाली एक दिवस दगा देईल, असे वैमानिकांची संघटना कितीतरी आधीपासून सांगत होती. ऑक्टोबर 2021 मध्ये काही दिवसांत दोन हजारांवर उड्डाणे रद्द झाली, तेव्हा त्याची चुणूकही दिसली होती.

हे अशा कंपनीत घडावे, याचे विशेष आश्चर्य वाटते. 1971 मध्ये टेक्सासमधील तीन शहरांच्या दरम्यान तिने सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीमुळे चारपैकी एक विमान विकावे लागले. तरीही उरलेल्या तिघांवर चार विमानांचे वेळापत्रक चालवावयाचे ठरले. त्यासाठी उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा निघणे भाग होते, आणि आपले काम कोणते व दुसऱ्याचे कोणते हा हिशेब बाजूला ठेवून साऱ्यांनी ते करून दाखविले.

संस्थापकांपैकी एक हर्ब केलेहर हे व्यवसायाने वकील, वैमानिक नव्हेत. 2001 पर्यंत कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती होती. सणाच्या गर्दीत ते स्वतः प्रवाशांचे सामान चढविणाऱ्यांत जाऊन उभे राहत. आधी कर्मचारी, मग प्रवासी, मग भागधारक, असा त्यांचा क्रम होता. 1990 च्या दशकाच्या मध्यावर वैमानिकांनी पहिली पाच वर्षे पगारवाढ न घेता कंपनीचे समभाग घेण्याचे मान्य केले, तेव्हा केलेहर यांनीही स्वतःचे वेतन तितकीच वर्षे गोठवून घेतले. पेढीवर वाढलेल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. तिजोरीत किती शिल्लक आहे ते चोपडी सांगते. गोदामातील पोती का भिजली, हे मात्र हमालालाच विचारावे लागते.

पुढे कंपनी वाढली. विमाने सातशेवर गेली, रोजची उड्डाणे चार हजारांच्या घरात पोचली. वरिष्ठ पदांवर हिशेबाचे जाणकार आले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. 1973 पासून 2019 पर्यंत एकाही वर्षी तोटा न होणे, हे हिशेब कच्चा असणाऱ्यांचे काम नव्हे. पण एवढ्या पसाऱ्यात वैमानिक पडद्यावरील एक ओळ होऊन बसतो. त्याचा दिवस पहाटे सुरू होतो. एका दिवसात चार-पाच लहान उड्डाणे, आणि रात्र परगावच्या हॉटेलात. अमेरिकी नियमांनुसार त्याला कामाच्या दोन पाळ्यांमध्ये किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे आणि उड्डाणाच्या तासांनाही मर्यादा आहे. 2009 मध्ये बफेलोजवळ झालेल्या अपघातात पन्नास जणांचे प्राण गेले. त्यानंतर हे नियम अधिक कडक झाले. हॉटेलची गाडी उशिरा आली, खोली वेळेवर मिळाली नाही, की पुढचे सारे गणित चुकते. हे त्या वैमानिकाला ठाऊक असते, वेळापत्रक आखणाऱ्याला असेलच असे नाही.

वादळाच्या दोन-तीन आठवडे आधीच कंपनीने भागधारकांना लाभांश देणे पुन्हा सुरू करीत असल्याचे जाहीर केले होते. लाभांश देण्यात गैर काही नाही. परंतु प्रणालीची दुरुस्ती मागणाऱ्या वैमानिकांना ती बातमी कशी वाटली असेल, याची कल्पना करता येते.

फेब्रुवारी 2023 मध्ये सिनेटच्या समितीपुढे कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने चूक कबूल करून क्षमा मागितली. वैमानिकांच्या संघटनेचे अध्यक्षही त्याच समितीपुढे आले आणि आपण दिलेल्या इशाऱ्यांचा पाढा त्यांनी वाचला. त्या वर्षअखेर सरकारने 14 कोटी डॉलरांचा दंड ठोठावला. त्यातील मोठा भाग पुढे खोळंबणाऱ्या प्रवाशांच्या भरपाईसाठी होता.

वैमानिकांशी नव्या कराराची बोलणी मात्र लांबत गेली. मे 2023 मध्ये मतदान करणाऱ्यांपैकी 99 टक्के वैमानिकांनी, गरज पडल्यास संप करण्याचा अधिकार संघटनेला दिला. संप झाला नाही. जानेवारी 2024 मध्ये करार मंजूर झाला आणि पाच वर्षांत सुमारे पन्नास टक्के पगारवाढ ठरली. एकेकाळी पाच वर्षे वाढ न घेता कंपनीबरोबर उभे राहिलेले वैमानिक याच कंपनीचे होते.