ऐतिहासिक प्रणयकादंबरी : प्राचीन रोमचे उदाहरण

प्रास्ताविक

ऐतिहासिक कादंबरीची सामान्य लक्षणे आपण मागील घटकात पाहिली. या घटकात तिच्या एका लोकप्रिय उपप्रकाराचा, म्हणजे ऐतिहासिक प्रणयकादंबरीचा, विचार करावयाचा आहे. दोन प्रेमी, त्यांच्या आड येणारा अडथळा आणि शेवटी मीलन किंवा वियोग, हा प्रणयकथेचा सांगाडा सर्व काळांत सारखाच आढळतो. मग ती ऐतिहासिक केव्हा ठरते? पात्रांना टोगा नेसविला आणि पार्श्वभूमीला रथ धावू लागले, एवढ्याने ती ऐतिहासिक होत नाही. प्रेमिकांपुढील अडथळा त्या काळाच्या समाजरचनेतून निर्माण झालेला असेल, तरच इतिहास कथेचा घटक बनतो. एरवी तो केवळ देखावा राहतो.

रोमन समाजातील बंधने

रोमन कुटुंबात पित्याचा अधिकार प्रौढ अपत्यांवरही चाले. त्याच्या संमतीवाचून त्यांचा विवाह वैध होत नसे. सम्राट ऑगस्टसच्या काळातील इ. स. पू. १८ मधील कायद्याने सिनेटरांना मुक्त झालेल्या दासींशी विवाह करण्यास मनाई केली. गुलामांच्या सहजीवनाला कायदा विवाह मानतच नसे. दासीची अपत्ये तिच्या मालकाची मालमत्ता ठरत. अशा समाजात कोणी कोणावर प्रेम करावे, हा प्रश्न भावनेइतकाच सत्तेचाही होता.

दोन कादंबऱ्या

एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या ‘द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई’ (१८३४) या इंग्रजी कादंबरीत इ. स. ७९ मधील व्हेसुव्हिअसच्या उद्रेकाची पार्श्वभूमी आहे. ग्लॉकस आणि आयोनी यांच्या आड येणारा आर्बासेस हा कारस्थानी खलनायक मात्र कोणत्याही काळातील कथेत शोभला असता. आपल्या कसोटीला खऱ्या अर्थाने उतरते ती निडिया ही अंध दासी. तिला विकत घेऊन क्रूर मालकाच्या हातून सोडविणाऱ्या ग्लॉकसवर तिचे प्रेम जडते आणि तोच तिला आयोनीच्या सेवेसाठी भेट म्हणून पाठवितो. यात ग्लॉकस दुष्ट नाही, किंबहुना तो दयाळू आहे. परंतु माणूस भेट देता येतो, हे त्याच्या जगात स्वाभाविक आहे. निडियाचे दुःख म्हणूनच रोमन आहे.

पोलिश लेखक हेन्रिक शेन्केविच यांची ‘क्वो वादिस’ ही कादंबरी १८९५ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. नीरोच्या रोममध्ये ओलीस असलेल्या लिजियावर विनिशिअस हा तरुण सरदार मोहित होतो आणि आपला मामा पेट्रोनिअस याच्या वशिल्याने सम्राटाकरवी तिला मिळवू पाहतो. येथे अडथळा नायकाच्या बाहेर नसून त्याच्या मनातच आहे. प्रेम म्हणजे ताबा, ही रोमन सरदाराची समजूत गळून पडल्याशिवाय त्याला लिजिया लाभत नाही. लिजियाची जमात लेखकाने आजच्या पोलंडच्या भूमीशी जोडली, आणि लेखनकाळी पोलंड तीन साम्राज्यांत विभागलेला होता. साम्राज्यापुढे न झुकणारी ओलीस कन्या त्या वाचकांना कोणाची आठवण करून देत असेल, हे सांगावयास नको.

इतिहास आणि कल्पना यांचा सांधा

पेट्रोनिअस ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. नीरोच्या रोषानंतर त्याने शिरा कापून, मित्रांशी गप्पा करीत मृत्यू कसा स्वीकारला, हे इतिहासकार टॅसिटसने नोंदविले आहे. त्या नोंदीत युनिस नाही. शेवटच्या क्षणी त्याच्यासह मरण पत्करणारी ही दासी शेन्केविच यांच्या कल्पनेतून आली. इतिहासाने मोकळी सोडलेली जागा कादंबरीकार अशी भरून काढतो.

मात्र ही भर चिकित्सेने वाचली पाहिजे. पेट्रोनिअस प्रथम युनिसला विनिशिअसच्या हवाली करू पाहतो आणि तिने नकार देताच तिला फटके देण्याची आज्ञा करतो. तरीही मालकाच्या घरी राहावयास मिळाले, याचाच तिला आनंद होतो. कादंबरी हे निष्ठेचे रूप म्हणून रंगविते. परंतु जिला खुद्द मालकाला ‘नाही’ म्हणता आले नसते, तिच्या ‘हो’चे मोल कसे ठरवावे? हा प्रश्न विचारल्याने कादंबरीची गोडी कमी होत नाही. उलट, वैभवशाली रोमच्या पायाशी काय होते, ते दिसू लागते.

सारांश

ऐतिहासिक प्रणयकादंबरीत काळाचा तपशील आवश्यक असला, तरी पुरेसा नसतो. प्रेमातील अडथळा त्या काळाचा असावा लागतो. लेखकाचा स्वतःचा काळही कथेत उतरतो, आणि प्रेमकथेच्या माधुर्याआड झाकलेली सत्ता ओळखणे हे वाचकाचे काम ठरते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. निडिया आणि युनिस या दासींच्या चित्रणातील साम्य व भेद स्पष्ट करा.
२. आपण वाचलेल्या एखाद्या मराठी ऐतिहासिक कादंबरीतील प्रेमकथेस या घटकातील कसोटी लावून पाहा. तेथील अडथळा त्या काळाचा आहे, की कोणत्याही काळाचा?