विमानाचा पंखा व वजाबाकीचें गणित

देहूरोडवरून लोहगांवकडे जाणारें विमान आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे; परंतु त्याच्या घरघरींतील एकसारखा सूर कोठून निघतो, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

तो इंजिनाच्या तोंडाशीं, रुंद नळींत फिरणाऱ्या पंख्याचा होय. बोइंग ७३७-८०० च्या पंख्यास २४ पातीं असतात. सेकंदास ५० फेरे झाले, तर २४ × ५० = १,२०० कंपनांचा सूर उठतो. पंख्यामागें अचल पात्यांचें कडें असतें; ढवळलेली हवा त्यावर आदळून हा सूर बळावतो.

टायलर व सोफ्रिन या अभियंत्यांनीं १९६२ सालीं त्याचें गणित मांडिलें. समजा, अचल पातीं ३२ आहेत. ३२ वजा २४, म्हणजे ८ पाकळ्यांची ध्वनीची आकृति पंख्याच्या तिप्पट वेगानें फिरते. कडेशीं ती ध्वनीच्या गतीस मागें टाकिते व नळीबाहेर पडते. पातीं ६० केलीं, तर ३६ पाकळ्यांची आकृति दोन-तृतीयांश वेगानेंच फिरते आणि नळींतच विरते.

या भाकिताची कसोटी मापनानें लागते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार, उतरणाऱ्या विमानाचा आवाज धांवपट्टीच्या आरंभापासून २,००० मीटर अलीकडे मायक्रोफोन ठेवून मोजितात. १० डेसिबल घटले, म्हणजे ध्वनिशक्ति एक-दशांश उरली.

विमानतळाजवळच्या घरांत अभ्यासास बसलेल्या मुलांची व पाळण्यांतील तान्ह्यांची शांति अशा वजाबाकीवर अवलंबून असते. कागदावर चुकलेला आंकडा खोडितां येतो. घडविलेलें इंजिन खोडितां येत नाहीं. म्हणून, विद्यार्थ्यांनो, अंकगणितास रुक्ष म्हणूं नका.