भूमिका माझी की लेखकाची?

कोल्हापूरकरांना चाहत्यांची भांडणं नवी नाहीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर आले की पेठापेठांत काय वातावरण असतं, ते सांगायला नको. तांबडा की पांढरा यावर तर ताटातलं जेवण थंड होतं. पण काही घरांत आता वेगळाच वाद ऐकू येतो. दोन भाऊ, नाहीतर दोन मित्र कॉम्प्युटरसमोर बसून तावातावानं भांडत असतात आणि विषय असतो, 'हा खरा आरपीजी आहे का?' आईवडिलांना वाटतं, खेळच तो, त्यात खरं-खोटं काय? तर त्या वादाविषयी आज थोडं बोलू.

आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम, भूमिका घेऊन खेळायचा खेळ. धावलं, गोळ्या झाडल्या आणि संपलं, असा हा प्रकार नाही. एक गोष्ट असते, तिच्यात आपलं एक पात्र असतं. ते लढतं, अनुभवाचे गुण कमावतं, हळूहळू ताकदवान होतं. गोष्ट पुरी व्हायला पन्नास-शंभर तास सहज लागू शकतात. याचं मूळ कॉम्प्युटरमध्ये नाहीच. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. टेबलाभोवती चार-पाच मित्र, कागद, पेन्सिल आणि फासे. एक जण सूत्रधार, बाकीच्यांनी आपापलं पात्र व्हायचं. १९८१ मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे कॉम्प्युटरवरचे खेळ आले. त्यांचं वेड जपानपर्यंत पोचलं आणि तिथं १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट', पुढच्याच वर्षी 'फायनल फँटसी' तयार झाला.

इथं वाट फुटली. जपानी खेळांत बहुधा नायक आधीच लिहिलेला असतो. त्याचं नाव, स्वभाव, त्याचं दुःख सगळं ठरलेलं. आपण त्याच्या सोबतीनं जायचं. १९९७ च्या 'फायनल फँटसी सात'मध्ये एक प्रमुख पात्र मारलं जातं आणि खेळणाऱ्याला ते थांबवता येत नाही. कितीतरी जण तिथं रडले. पाश्चात्त्य पठडीत उलट. पात्र तुम्हीच घडवायचं. साधू व्हा, चोर व्हा, गावाला वाचवा नाहीतर लुटा. एक पक्ष म्हणतो, निवड माझी नसेल तर भूमिका माझी कसली? दुसरा म्हणतो, निवडीच्या नादात गोष्टीचा जीवच जातो. नकाशावर मात्र ही रेघ पक्की नाही. २०१५ चा 'द विचर ३' पोलंडचा, पण त्यातला गेराल्ट आधीच लिहिलेला आहे.

आपल्या लोकांना हे कळायला अवघड जाऊ नये. संगीत रंगभूमीवर हाच प्रश्न होता. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि आपले केशवराव भोसले धैर्यधर. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. एकाच नाटकात एकाची मुलायम, भावभरी गायकी, तर दुसऱ्याची जोरकस, तडफदार तान. कोण सरस, यावर दोन्हीकडचे चाहते पुढं कितीतरी वर्षं भांडले. पण त्या भांडणाच्या पोटात एक जुनी तक्रारही होती. वन्समोअरवर वन्समोअर घेतले की नाटक बाजूला राहतं आणि गाणं उरतं, असं म्हणणारे होतेच. पात्र मोठं की गवई मोठा? आरपीजीवाला विचारतो, गोष्ट मोठी की लढाई मोठी? फरक फार नाही.

लढाईवरून तर कडाक्याचं वाजतं. जुन्या पद्धतीत डाव पाळीपाळीनं चालतो. बुद्धिबळासारखा विचार करायचा, मग चाल. नव्या पद्धतीत हात चपळ हवेत, शत्रू थांबत नाही. 'फॉलआउट' हा १९९७ चा खेळ पाळीचा होता. तिसरा भाग २००८ मध्ये दुसऱ्या कंपनीनं केला आणि तो बराचसा नेमबाजीकडं झुकला. नव्यांनी डोक्यावर घेतला, जुने म्हणाले, आमचा खेळ गेला. (भारतात त्याची एक्सबॉक्स आवृत्ती सांस्कृतिक कारण देऊन आणलीच गेली नाही, ते वेगळं.) २०१० मध्ये 'न्यू वेगास' आला. तो करणाऱ्यांत पहिल्या खेळाचे काही कर्ते होते, आणि तेव्हापासून 'तिसरा की वेगास' हा या मंडळींचा तांबडा-पांढरा झाला आहे. पाळीचा खेळ म्हातारा झाला, असंही मधल्या काळात बोललं गेलं. मग २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा 'बॉल्डर्स गेट ३' आला, पाळीचाच, आणि तुफान चालला.

माझ्या मते यातला खरा बोचरा वाद अवघडपणाचा आहे. २०११ चा 'डार्क सोल्स' किंवा २०२२ चा 'एल्डन रिंग' घ्या. त्यांत सोपी पातळी निवडायची सोयच नाही. चाहते म्हणतात, शंभरदा पडल्याशिवाय जिंकण्याची मजा नाही. तालमीत माती खाल्लेल्याला हे पटेल. पण ज्याच्या हातात अधूपण आहे, किंवा दिवसभर दुकान सांभाळून ज्याला रात्री एक तास मिळतो, त्यानं काय करावं? 'तुझा हा खेळ नव्हे' असं त्याला सांगणं ही आवडनिवड राहत नाही, तो दार लावून घेण्याचा प्रकार आहे. नवखा पोरगा एकदा असा हिणवला गेला की पुन्हा तोंड उघडत नाही. घरात धाकट्याचंही तेच होतं.

भांडण जरा गमतीनंही करता येतं. २०१२ च्या 'मास इफेक्ट ३'चं उदाहरण आहे. २००७ पासून तीन भागांत लोकांनी शेकडो निर्णय घेतले आणि शेवट मात्र थोडक्या फरकानं एकसारखाच निघाला, रंग तेवढे वेगळे. चिडलेल्या चाहत्यांनी वर्गणी काढून बायोवेअर कंपनीला कॅनडात सुमारे ४०० कपकेक पाठवले. लाल, निळे, हिरवे. चव सगळ्यांची एकच! कंपनीनं ते तिथल्या मुलांच्या निवाऱ्याला देऊन टाकले आणि जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट दिला. तो तरी पटला का, यावर त्या मंडळींत अजून दोन तट आहेत.