घरच्या घरी अस्वल

डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं सुरू झाली की घरोघरी एकच धांदल उडते. म्हातारी आणि भोपळ्याच्या नाटुकल्यात चिरंजीवांना अस्वलाचं काम मिळालेलं असतं, आणि "ड्रेस पालकांनी आणावा" अशी बाईंची चिठ्ठी दप्तरातून निघते. लेकरू नाचत असतं नि आपल्या पोटात गोळा येतो!

धाराशिव जिल्ह्यातलं माकणी घ्या, तेरणेवरच्या धरणाचं गाव. तिथून भाड्याचा पोशाख आणायचा म्हणजे उमरगा नाहीतर लातूर-सोलापूरची एस.टी. धरायची. एवढं करून हाती येतो तो कुणाच्या तरी मापाचा, घामाच्या वासाचा. तुम्ही लातुरात राहात असलात तरी मापाची नि वासाची गोष्ट तीच. तेव्हा मैत्रिणींनो, शिवाच. दोन दुपारचं काम आहे.

कापड कुठलं घ्यावं? बाजारात लांब केसांचं फर मिळतं, दिसतंही झोकदार. पण ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक नाहीतर पॉलिएस्टरचं. आत वारा शिरत नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. घोंगडीची कल्पना चांगली वाटते खरी, पण ती जड आणि टोचरी. लेकरू रंगमंचावर खाजवत बसेल. माझं मत विचाराल तर आपला सोलापुरी टर्किश टॉवेलच बरा. सोलापूरच्या चादरीप्रमाणे या टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सुती असल्यानं घाम टिपतो, आणि दुरून पाहणाऱ्याला ती लव केसांसारखीच दिसते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी 30 बाय 60 इंची, कॉफी रंगाचे तीन टॉवेल पुरतात. दोन अंगाला, तिसऱ्यात बाह्या, टोपी नि कान. शेपटी अंगाच्या तुकड्यांतूनच निघते, अस्वलाची ती असते तरी केवढी! टॉवेल आधी धुऊन वाळवा, नाहीतर आटल्यावर रडायची वेळ येईल. मुलाचा सैलसर पायजमा आणि शर्ट टॉवेलवर मांडून खडूनं आखा. छातीला चारेक इंच ढिलाई ठेवा आणि खांद्यापासून खुब्यापर्यंतची लांबी तीन-चार इंच जास्तच धरा. इथं कंजुषी केली की अस्वल खाली वाकताना टरकन फाटतं.

लव एकाच दिशेनं, वरून खाली येईल असे तुकडे कापा. कच्चे टाके घातल्याशिवाय मशीनवर घेऊ नका, जाड कापड सरकतं. सोळा नंबरची सुई आणि लांब टीप ठेवा. टॉवेलचे धागे फार सुटतात, म्हणून कडा ओव्हरलॉक करा किंवा जुन्या साडीच्या पट्टीनं बांधा. (फरच घेतलंत तर कात्री चालवू नका. उलट्या बाजूनं ब्लेडनं फक्त अस्तर कापा, आणि शिवल्यावर शिलाईत अडकलेले केस सुईनं बाहेर ओढा. सांधा दिसत नाही.)

चेन पुढून, गळ्यापासून पार कमरेखालपर्यंत हवी. ऐन वेळी लेकराला 'लागते' हे काय तुम्हाला सांगायला हवं? शिवाय काही अघटित झालं तर पोशाख क्षणात उतरवता येतो. पंजे मनगटावरून लोंबते ठेवा, बोटं मोकळी राहू द्या. तळवे झाकू नका, फळ्यांवर पाय घसरतो.

आता चेहरा. मुखवटा मुळीच नको! टोपी कपाळापर्यंत आणा, वर बक्रम घातलेले गोल कान बसवा, नाकाला काळा रंग लावा. रंग आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहा. न्यूयॉर्कच्या 'लायन किंग' नाटकात 1997 साली ज्यूली टेमर यांनी सिंहांचे मुखवटे नटांच्या डोक्यावर बसवले, चेहरे उघडेच ठेवले. सिंह कुठं कमी पडला? उलट 1939 च्या 'विझार्ड ऑफ ओझ' चित्रपटातल्या सिंहाचा पोशाख खऱ्या कातड्याचा, चाळीसेक किलोचा होता. दिव्यांच्या झोतात बिचारा नट घामानं निथळायचा. आपल्याकडे खंडोबाचे वाघ्येही पूर्वी भंडाऱ्यासाठी वाघाच्या कातड्याची पिशवी बाळगत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तशी कातडी वापरणं बंद झालं, ते बरंच झालं.

प्रयोगाच्या दिवशी आत फक्त पातळ बनियन घाला. पोशाख आपला प्रवेश यायच्या दहाच मिनिटं आधी चढवा, पाणी पाजा. मुलाला गरगरतंय, मळमळतंय असं वाटलं तर लगेच चेन उघडा, वाऱ्यावर न्या. नाटक थांबलं तरी चालेल. आणि दीपप्रज्वलनाची समई, उदबत्त्या, फटाके यांच्या जवळपास अस्वलाला फिरकू देऊ नका. सुती टॉवेलची लवसुद्धा भुर्रकन पेटते. हे बाईंनाही आधी सांगून ठेवा, संकोच करू नका.

कार्यक्रम झाल्यावर पोशाख धुऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ट्रंकेत ठेवा. धाकट्याला दोन वर्षांनी उपयोगी पडतो. कान बदलले की माकड होतं, पांढरं पोट लावलं की मांजर. सगळ्यांना अपुरा झाला की उसवा, पायपुसणी निघतात.