एस. टी.चा संप आणि न घेतलेला कौल

२४ नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी परिवहन मंत्री अनिल परब यांनी मुंबईत एस. टी. कामगारांसाठी पगारवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ पगारात पाच हजार, दहा ते वीस वर्षेवाल्यांना चार हजार आणि वीस वर्षांपुढच्यांना अडीच हजार. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अमरावतीच्या दुकानात दोन जुने गिऱ्हाईक येऊन बसले. एक कंडक्टर, नोकरी बावीस वर्षांची. दुसरा त्याचाच तरुण ड्रायव्हर, नोकरी सहा वर्षांची. दोघे एकाच गाडीवर राहिलेले, पण त्या दिवशी दोघांचे तोंड दोन दिशांना होते.

धंदा तसाही नव्हता, म्हणून मीच चहा सांगितला. तरुण म्हणत होता, विलीनीकरण झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कंडक्टर त्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "शेठ, याले पाच हजार, मले अडीच. पन तरी मी मनतो का जाऊ कामावर. घरात दोन महिन्यांचं वानसामान उधार हाय." मी विचारले, मग डेपोवर तसे बोलला का नाहीस? त्यावर तो म्हणाला, "आमाले इचारलं कोनं?"

हा विषय आपला नाही असे काही व्यापारी बांधवांना वाटेल. कामगार जाणे आणि सरकार जाणे. पण त्या हिवाळ्यात आपल्या गल्ल्यावर काय परिणाम झाला ते ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे. अचलपूर-परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, चांदूर बाजार इकडचे गिऱ्हाईक अमरावतीला येते ते एस. टी.ने. अकोल्याच्या टिळक रोडवरच्या माझ्या व्यापारी मित्रांचे गिऱ्हाईक अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूरहून येते, तेही एस. टी.नेच. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे तर आधीच बंद पडलेली. राहिल्या काळी-पिवळीच्या जीपगाड्या, त्यांनी भाडे दुप्पट केले. लग्नाचा बस्ता बांधायला गावाहून दहा माणसे येतात, ती दोन-तीनवर आली, आणि दोन-तीन माणसे आली की खरेदी किती होते हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यातच १३ नोव्हेंबरला अमरावतीत संचारबंदी लागली. त्या महिन्यात सुरतेहून आलेल्या गाठी मी बिल्टी सोडवून तशाच ठेवल्या, उघडल्या नाहीत.

आता थोडे मागे जाऊ, कारण हा संप एका दिवसात उभा राहिला नव्हता. कोरोनाच्या आधी रोज सुमारे ६५ लाख प्रवासी नेणाऱ्या महामंडळाच्या गाड्या टाळेबंदीत उभ्या राहिल्या आणि पगार लांबू लागले. महामंडळाने तोटा भरून काढायला २०२० मध्ये जुन्या बसगाड्यांचे ट्रक करून 'महाकार्गो' या नावाने मालवाहतूकही सुरू केली. पण गाड्यांना डिझेल कोठून आणि माणसांना पगार कोठून, हा प्रश्न सुटला नाही. काही कामगारांनी आत्महत्या केल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण केले. सरकारने २८ टक्के महागाई भत्ता मान्य केला, घरभाडे भत्ता वाढवला, आणि समितीने उपोषण सोडले. प्रकरण मिटले असे वर्तमानपत्रांत छापून आले. पण एकेका डेपोत कामगारांनी गाड्या बाहेर काढल्याच नाहीत. त्यांचे म्हणणे होते की भत्ते आज देतील, उद्या थांबवतील. आम्हाला राज्य सरकारचे नोकर करा, म्हणजे पगाराची तारीख चुकणार नाही. दिवाळीनंतर राज्यातल्या जवळजवळ सगळ्या, अडीचशे डेपोंचे दरवाजे बंद झाले.

त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी व्यापारी असूनही म्हणतो. २०१८ च्या जूनमध्ये ४,८४९ कोटींची वाढ मोठ्या गाजावाजाने जाहीर झाली होती. ती हातात पडताना कमी निघाली असे कामगारांचे म्हणणे होते, आणि त्याच महिन्यात कोणत्याही संघटनेने न पुकारलेला दोन दिवसांचा संप झाला. ज्याला एकदा ताका मापात कमी मिळाला, तो दुसऱ्यांदा गज स्वतः हातात घेऊन मोजतो.

तर नोव्हेंबरची ती वाढ. नव्या माणसाचा मूळ पगार १२,०८० वरून १७,०८० होणार होता आणि भत्ते धरून एकूण १७,३९५ चा २४,५९४. म्हणजे महिना सात हजारांच्या वर. शिवाय पगार दहा तारखेच्या आत देण्याची हमी. मी त्या तरुणाला बिलाच्या पाठीमागे आकडे मांडून दाखवले. तो म्हणाला, हे बरोबर आहे, पण विलीनीकरण मिळाले तर याहून जास्त आहे. मी विचारले, नाही मिळाले तर? तो गप्प बसला. आझाद मैदानात कामगारांबरोबर बसलेले आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत त्याच दिवशी, २५ नोव्हेंबरला, आंदोलनातून बाजूला झाले. ज्या संघटनेच्या नोटिशीवर संप उभा होता तिच्या नेत्यांनी २० डिसेंबरला मंत्र्यांबरोबर बसून संप मागे घेतल्याचे सांगितले. डेपोवर बसलेल्यांनी तेही मानले नाही.

असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला. कायद्याचा अभ्यास माझा नाही, शिक्षण उर्दू शाळेत मॅट्रिकपर्यंत झालेले. पण एका वकील मित्राकडून महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यतेचा कायदा समजून घेतला. त्या कायद्याप्रमाणे किमान तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळते, आणि कामगारांच्या वतीने करार करण्याचा हक्क तिचा. संप करायचा तर चौदा दिवसांची नोटीस हवी आणि मान्यताप्राप्त संघटना असेल तर तिच्या सभासदांच्या बहुमताचा कौल हवा, नाहीतर संप बेकायदा. म्हणजे संप सुरू करायला कौल लागतो. पण मालकाने काही देऊ केले, ते घ्यायचे की टाकायचे, यासाठी कौल घ्या असे हा कायदा म्हणत नाही. ते नेत्यांनी ठरवायचे. आणि नेत्यांवरचा भरवसाच उडाला असेल तर? मग ठरवायला फक्त डेपोचे गेट राहते. गेटवर शंभर माणसे घोषणा देत असताना "मी कामावर जातो" हे एकट्याने कोण म्हणणार? जो गेला त्याच्या अंगावर बांगड्या फेकल्याचे प्रकार आपण सर्वांनी ऐकले. माझा कंडक्टर भित्रा नव्हता. पण ज्यांच्याबरोबर बावीस वर्षे डबा खाल्ला, त्यांच्यासमोर त्याला ते बोलता आले नाही. बंद चिठ्ठी दिली असती तर काय निघाले असते? कदाचित 'नको'च निघाले असते. पण मग त्या 'नको'ची जबाबदारी सगळ्यांची झाली असती, आणि सरकारलाही समजले असते की हे दोन-चार पुढाऱ्यांचे नव्हे, हजारोंचे म्हणणे आहे.

चिठ्ठीने सगळे सुटते असेही नाही. अमेरिकेत यलो नावाची एक फार मोठी ट्रक कंपनी होती. (नाव यलो, पण गाड्या नारिंगी.) दुसऱ्या कंपन्या विकत घेताना तिने कर्ज करून ठेवले, २००८ ची मंदी आली आणि कंपनी गळ्यापर्यंत बुडाली. तेथील टीमस्टर्स या संघटनेच्या सभासदांनी २००९ मध्ये मतदान करून आधी दहा टक्के आणि मग आणखी पाच टक्के पगार सोडला, पेन्शनमध्ये मालकाने भरायची रक्कमही काही काळ थांबू दिली. ही कपात मुदतीची होती. मग मुदत वाढली. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने सावकारांचे कारण सांगून ती आणखी पाच वर्षे, २०१९ पर्यंत वाढवून मागितली. टपालाने मतपत्रिका गेल्या आणि कामगारांनी बहुमताने 'नाही' म्हटले. कंपनीने अटी थोड्या बदलल्या, पुन्हा मतदान झाले, आणि त्याच महिन्यात 'हो' निघाले. घराचा हप्ता, मुलांची शाळा, पन्नाशीनंतर दुसरी नोकरी कोण देतो, हेच प्रश्न तिथेही होते. २०२० मध्ये तेथील सरकारने तिला ७० कोटी डॉलरचे कर्जही दिले. शेवटी २०२३ च्या उन्हाळ्यात संघटना आणि कंपनी पुन्हा समोरासमोर आली. संपाची नुसती नोटीस निघताच व्यापाऱ्यांनी आपला माल दुसऱ्यांच्या गाड्यांत घातला, आणि ३० जुलैला कंपनी बंद पडली. सुमारे तीस हजार नोकऱ्या गेल्या. चौदा वर्षे ज्यांनी कमी पगारावर गाड्या चालवल्या, त्यांच्या हाती काय राहिले? मात्र एवढे खरे की २०१४ चा 'हो' त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला होता.

दुसऱ्याचे सांगतो तर माझेही सांगितले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद होते तेव्हा मी माझ्या सहा नोकरांना एकेक करून फोन केला आणि सांगितले की आता निम्मा पगार. सहाही जणांनी "भाई, जैसा आप ठीक समझें" असे म्हटले. मी समाधानाने फोन ठेवला, जणू सगळ्यांची संमती मिळाली. दुकान उघडल्यावर त्यांपैकी एक चांगला सेल्समन सुरतेला निघून गेला. दीड वर्षांनी एका लग्नात भेटला. म्हणाला, आम्ही आपसात बोललो होतो, एक-दोन महिने काहीच दिले नसते तरी चालले असते, पण निम्मा किती दिवस हे तुम्ही सांगितलेच नाही, आणि वही दाखवली नाही. मला वही दाखवायची लाज वाटली होती. गोदामात माल भरलेला आहे आणि भाई पगार कापतो असे ते समजत होते. तो माल उधारीचा होता आणि व्यापाऱ्यांचे तगादे मला रोज येत होते, हे त्यांना कोठून कळणार? पुढे पगार पूर्ण केला, पण सुरतेला गेलेला माणूस परत आला नाही.

एस. टी.चे पुढे काय झाले ते थोडक्यात. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अभिप्राय दिला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हा असे सांगितले आणि बडतर्फ-निलंबित कामगारांना परत घेतले गेले. रमजानचा महिना होता. ईद ३ मेला होती. शेवटच्या दहा दिवसांत दर्यापूर-अंजनगावच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि जवाहर गेटच्या आत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी नोव्हेंबरच्या त्या गाठी तेव्हा उघडल्या. वाढ तीच मिळाली, जी नोव्हेंबरात जाहीर झाली होती. मधल्या पाच महिन्यांचा पगार माझ्या कंडक्टरला आणि त्याच्या ड्रायव्हरलाही मिळाला नाही. तरुणाच्या बाबतीत नव्या पगाराने धरले तर ती रक्कम सव्वा लाखाच्या जवळ जाते.

पण पाच, चार आणि अडीच हजारांचा तो भेद कामगारांच्या मनात राहिला. जुन्या माणसाला कमी आणि नव्याला जास्त, ही खदखद तीन वर्षे चालली. ३ सप्टेंबर २०२४ ला गणपतीच्या तोंडावर पुन्हा गाड्या थांबल्या. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सर्वांना सारखी साडेसहा हजारांची वाढ जाहीर केली, ज्यांना आधी जेवढी मिळाली तेवढी वजा करून. म्हणजे पाच हजारवाल्याला आणखी दीड, चार हजारवाल्याला अडीच आणि अडीच हजारवाल्याला चार. २०२१ मध्येच हे केले असते तर? हा प्रश्न मी त्या दोघांना विचारला. तरुण हसला. कंडक्टर म्हणाला, "तवा इचारलं असतं तं हेच सांगतलं असतं."

महामंडळाची स्थिती सुधारली असे कोणी समजू नये. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्के वाढले, आणि जूनमध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी काढलेल्या श्वेतपत्रिकेत साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, त्यामुळे आमच्या दुकानात बायका-मुलींची गर्दी वाढली हे कबूल करतो. पण त्या अर्ध्या तिकिटाचे पैसे सरकारकडून महामंडळाला वेळेवर मिळतात की नाही, यावर कामगाराची पगाराची तारीख लटकलेली असते. पुन्हा कधी तरी कामगारांपुढे कमी घ्या किंवा थांबा असा प्रस्ताव येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगार ज्या संघटनेकडे, तिनेच मालकाशी बोलावे असे आहे. बोलून जे ठरेल ते चिठ्ठीला टाकावे असे तिच्यातही नाही.

कंडक्टर आता निवृत्तीला आला आहे. संपाच्या महिन्यांत त्याने मुलीच्या लग्नासाठी माझ्याकडून नेलेल्या कपड्यांची उधारी वाढीचा फरक मिळाल्यावर फेडली. वहीतले ते पान मी त्याच्यासमोर आडवी रेघ मारून बंद केले. तो म्हणाला, "शेठ, थे पान मले दाखवा जरा." मी वही त्याच्याकडे फिरवली.